आरसे बंद न करणारा ड्रायव्हर

आप्पा, काल तुझं बारावं झालं आणि आज सकाळपासून मी घरात अशी काही आदळआपट चालवली आहे की शेवटी आई म्हणाली, "आगो, बापाला जाऊन पंधरा दिस न्हाय झालं, आन भांडतेस कोनाशी?" म्हटलं, त्याच्याशीच भांडतेय. दुसऱ्या कुणाशी भांडायची सवय कुठे आहे मला?

तुला अरे-तुरेच करते आहे. आयुष्यभर केलं, आता मेलास म्हणून अहो-जाहो करायचं, हे मला जमणार नाही. काल मांडवात मात्र सगळे तुला एकदम 'ते' म्हणायला लागले होते. फार मानाने. आणि त्याच मानाच्या पंगतीत एक जण हात पुसता पुसता म्हणाला, "शेवटी शेवटी म्हातारा बारक्या पोरासारका गेम खेलायचा, न्हाय?" आणि चार जण हसले. मी वरणाची बादली घेऊन त्यांच्यापुढेच उभी होते. तुझी शपथ, ती बादली मी त्यांच्या डोक्यावर उलटी केली नाही ती केवळ आईकडे बघून.

काय माहीत होतं त्यांना? तीस वर्षं ट्रक चालवलास तू. दापोड्याच्या गोदामांतून माल भरायचा आणि सुरत, इंदूर, अहमदाबाद. भिवंडीच्या कापडाच्या गाठी तुझ्या गाडीने किती वाहिल्या ते त्या हसणाऱ्यांच्या सात पिढ्यांना मोजता येणार नाही. मग साखरेने डाव्या पायाची दोन बोटं नेली. क्लचचा पाय. पाठोपाठ लांबचं दिसेना. गाडी विकली त्या दिवशी घेणारा ती आपल्या गल्लीतून मागे काढत होता, आणि तू घराच्या आत भिंतीकडे तोंड करून बसला होतास. नुसत्या आवाजावरून बसल्या जागी पुटपुटत होतास, "डावा काट... आता सरल घे... सरल." आई रडत होती. तू नाही रडलास. नंतर वर्षभर तू कुणाशी धड बोललाही नाहीस.

त्या गाडीच्या कपाळावर नाव होतं, 'संदीप'. पिवळ्या अक्षरांना लाल सावली. पेंटरने दोन दिवस खपून काढलेलं. मी नऊ वर्षांची होते, संदीप पाच. मी थोरली. मी विचारलं, माझं का नाही? तर म्हणालास, "पोरीचा नाव गाडीवर लिवला तर रस्त्यावरचा कोनपन वाचंल." मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज तर मुळीच पटत नाही. कुणी वाचलं असतं तर झिजणार होतं का माझं नाव? अठराव्या वर्षी म्हटलं, स्टिअरिंग तरी धरायला शिकव. "ह्यो बाईमाणसाचा काम न्हाय." संपला विषय. हा विषय तू संपवलास, मी नाही. मी अजून बोलतेच आहे.

तर त्या मुक्या वर्षात एकदा मी डबा विसरले आणि तू तो घेऊन शेअर रिक्षाने धामणकर नाक्यावर मी शिकवते त्या कम्प्युटर क्लासात आलास. दुपारची बॅच सुटली होती. क्लास चालवणारे आमचे सर शेवटच्या मशीनवर ट्रक चालवायचा गेम खेळत बसले होते. तू डबा हातात धरून त्यांच्या मागे उभा. मी हाक मारतेय, तुझं लक्षच नाही. मग एकदम म्हणालास, "सर, लोड हाय गाडीत. वलनावर गिअर पाडा." सरांनी पाडला नाही. गाडी उलटली. तेव्हा सरांनी तुला खुर्ची दिली.

त्यात पाय लागत नव्हते, आप्पा. चार बोटांनी गाडी चालत होती. आणि तुला लांबचं दिसत नसलं तरी हातभर अंतरावरचं दिसत होतं. तू घाट उतरलास, वळणं घेतलीस, गाडी गोदामाला मागच्या बाजूने अशी लावलीस की सरांनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी घरी येऊन तू माझ्याशी वर्षभरातलं पहिलं सबंध वाक्य बोललास, "वंदे, मना लॅपटॉप पायजे."

आणि मी काय म्हणाले? "आप्पा, वय काय तुझं?"

तरी तू माझ्याहून शहाणा. सगळं आधीच ठरवलं होतंस. टेबलावरचा कम्प्युटर नको, कारण पाय उशीवर ठेवून खाटेवर बसायचं होतं. दिवसातून पाच-सहा तास वीज नसायची, म्हणून बॅटरी हवी. आणि तीस हजारांच्या वर एक रुपया जायला नको. नाक्यावरच्या दुकानात मी तुझ्यापुढे चालत होते, कारण मी कम्प्युटरवाली. पोरींना वर्ड-एक्सेल शिकवते म्हणजे मला सगळं कळतं, असा माझा समज होता. दीड शहाणी कुठली.

दुकानदाराने एक चकचकीत लाल झाकणाचा पातळ लॅपटॉप काढला. त्याला कॅमेरा होता. मला तो बघताक्षणी आवडला. "अंकल, हार्ड डिस्क देखो. एक सौ साठ जीबी."

"म्हंजे काय?" तू मला विचारलंस.

"किती सामान मावतं ते."

"म्हंजे बॉडी. निस्ती बॉडी मोटी असून काय करू? इंजिन कितीचा हाय?"

दुकानदाराने प्रोसेसरचे आकडे सांगितले. तू म्हणालास, "आन चढावर?" त्याने पुन्हा तेच आकडे सांगितले. मग तू खिशातून सरांची सीडी काढलीस. "ही चालवून दाव. गाडी चालवल्याबिगर कोन घेतो?" त्याने कपाळाला आठ्या घालून सीडी टाकली. लाल लॅपटॉपवर ट्रक निघाला तो उचक्या लागल्यासारखा. वळणावर तर चित्रच थांबलं. तू मान हलवलीस. "दुसरा दाव." दुसऱ्यावरही तेच. तेव्हा तो वैतागून माझ्याकडे बघत म्हणाला, "अंकल, ये उमर तो भजन करने की है."

आणि मी हसले.

आप्पा, तू माझ्याकडे बघितलंस ते मला दिसलं होतं. मला त्या दुकानदाराचा आज संताप येतो, पण तो परका माणूस. मी का हसले? त्याला वाटू नये ना, की या गावठी म्हाताऱ्याची मुलगीही तसलीच. एवढ्याशा गोष्टीसाठी मी बाप विकला त्या काउंटरवर.

मग तू स्वतःच कोपऱ्यातल्या एका जाड, धूळ बसलेल्या लॅपटॉपकडे बोट दाखवलंस. दाखवायला ठेवलेला, मागच्या वर्षीचा, झाकणावर लांब ओरखडा. दुकानदार म्हणाला, पुराना मॉडल आहे, पण यात ग्राफिकचं कार्ड वेगळं आहे. त्याच्यावर गाडी लोण्यासारखी चालली. वेगळं कार्ड म्हणजे काय, ते त्याने तुला कसंबसं सांगितलं, आणि तुझा चेहरा उजळला. "म्हंजे याला क्लीनर हाय! त्या लाल्याचा डायव्हर गाडीपन चालवतो आन काचपन त्योच पुसतो. कसा चालंल?"

खेळासाठी कुठला लॅपटॉप घ्यावा, हे याहून सोप्या भाषेत मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. पण रिक्षात मी घरी शेलारला पोचेपर्यंत कुरकुरत होते. जाड आहे, ओरखडा आहे, कॅमेरा नाही, लोक हसतील. तुझी निवड बरोबर होती, हे मी कधी कबूल केलं नाही. आज करते. उपयोग काय, ते विचारू नकोस. वरातीमागून घोडं.

नंतर तू त्या यंत्राची जी बडदास्त ठेवलीस! खालून गरम होतं हे तुला पहिल्याच दिवशी हाताला कळलं. शेजारच्या पॉवरलूमवरून चार रिकाम्या लाकडी कांड्या आणल्यास, सूत गुंडाळायच्या, आणि त्यांच्यावर लॅपटॉप ठेवलास, खालून वारा खेळावा म्हणून. मी म्हणत होते गादीवर ठेव, हवं तर वरून टॉवेल घाल, धूळ बसणार नाही. टॉवेल! "इंजिनावर गोधडी घालतेस?" म्हणालास. वीज गेली की बॅटरीवर गेम रखडायचा, तर तू तेवढ्यात गाडी बाजूला लावून चहा घ्यायचास. सुरू होताना उगाच दहा प्रोग्राम उघडायचे, ते मी बंद केले. तू म्हणालास, "फुकट बसलेली पाशिंजरं उतरवली." सरांनी रॅम वाढवायला सांगितली तेव्हा तू एका शब्दात हो म्हणालास आणि दुसरी पट्टी बसवलीस. गेममधल्या सावल्या घालवल्यास, झाडं पातळ केलीस, ढग काढून टाकलेस. "ढगांकडं बगायला मी काय शेतकरी हाय?"

फक्त एका गोष्टीवरून आपलं महाभारत झालं. आरसे. ट्रकचे दोन्ही आरसे बंद केले की गेम दीडपट वेगाने पळायचा, सरांनी स्वतः करून दाखवलं. तू लगेच पुन्हा चालू केलेस.

"अरे, गेम आहे, आप्पा. मागून कोण येतंय? कुणी खरं नाहीये मागे."

"आरसा बंद करून मी गाडी चालवू?"

"झटके बसतात मग."

"बसू दे झटके. मागं कोन हाय ते दिसला पायजे."

तीन वेळा मी गुपचूप बंद केले आणि तीन वेळा तू चालू केलेस. हा वाद आपण कधी मिटवला नाही. मी तुला हट्टी म्हटलं, तू मला अडाणी म्हटलंस. कम्प्युटर शिकवणाऱ्या बाईला!

आता दसऱ्याचं सांगते. सांगायला लाज वाटते, पण आज सांगितलं नाही तर पुन्हा धीर होणार नाही.

दसऱ्याला तुझी गाडी नव्हती. म्हणून तू लॅपटॉपची पूजा मांडलीस. तो धुवायला काढला नाहीस एवढंच नशीब, बाकी सगळं केलंस. झाकणावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, हळद, अक्षता, झेंडूचा हार, चार कांड्यांखाली चार लिंबं. उदबत्ती कीबोर्डच्या तोंडाशी. नारळ फोडलास आणि पाणी शिंपडणार तेवढ्यात मी ओरडले. शेजारपाजारच्या बाया पूजेचं बघायला दारात उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मी म्हटलं, "आप्पा, खेळणं आहे ते! गाडी नाहीये! गाडी गेली तुझी!"

तुझ्या हातातली करवंटी तशीच राहिली.

दोन-तीन दिवसांनी लॅपटॉप मंद झाला. दहा मिनिटं गेम चालायचा आणि मग रांगायला लागायचा. तू म्हणालास, "वंदे, पंखा बग आधी. आवाज बदललाय." तीस वर्षं कानाने इंजिन ओळखणारा माणूस सांगत होता, पंखा बघ. आणि मी? मी म्हटलं, व्हायरस आहे. फॉरमॅट मारावा लागेल. तेव्हा प्रत्येक दुखण्यावर आमच्याकडे हेच एक औषध होतं. मी क्लासात नेऊन फॉरमॅट मारला. सगळं पुसलं, नव्याने भरलं, तुझा गेमही टाकला आणि मोठ्या ऐटीत घरी आणून दिला.

तू गेम उघडलास. तुझ्या नावाचा ड्रायव्हर नव्हता. दहा महिन्यांत तू एका गाडीच्या तीन केल्या होत्यास, कुठले कुठले रस्ते पार केले होतेस. काही नव्हतं.

"गेला म्हंजे कुटं गेला?" तू विचारलंस.

"गेलं, आप्पा. पुसलं. गेमच तर होता."

आणि गेम दहा मिनिटांनी पुन्हा रांगायला लागला.

तेव्हा तू घड्याळाचा स्क्रू ड्रायव्हर घेतलास, जुना टूथब्रश घेतलास, चष्मा नाकावर ओढून खालचं झाकण उघडलंस. पंख्याच्या तोंडावर कापसाच्या तुसाचा थर बसला होता. आपल्या भिवंडीची हवाच ती, लूमची. वाकळेच्या तुकड्यासारखा जाड थर, त्यात झेंडूच्या दोन पाकळ्या. तू तो अलगद काढलास आणि माझ्या तळहातावर ठेवलास. पंखा फिरला, गाडी पळाली. तू म्हणालास, "जाऊ दे. इंजिनाचा काम काढला की किलोमीटर परत शून्यापासून मोजायचे."

मी तेव्हा सॉरी म्हणायला हवं होतं. आतल्या खोलीत जाऊन मी तो तुसाचा गोळा कचऱ्यात टाकला आणि आईवर चिडले, कशावरून ते आठवत नाही. तू तरी एकदा ओरडायचंस ना, आप्पा! घरभर ऐकू जाईल असं ओरडायचंस! "जाऊ दे" म्हणून तू मला सोडवलं नाहीस, कायमचं अडकवून ठेवलंस.

त्यानंतर चारच महिने. दवाखान्याचं मला लिहायचं नाही.

त्या चार महिन्यांत, सुरुवातीलाच एकदा तू विचारलंस, "तुजा नाव इंग्रजीत कसा लिवतात?" मी घाईत होते. "कशाला?" तर म्हणालास, बँकेत नॉमिनी लावायचाय. मी कॅलेंडरच्या पानामागे मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आणि वर ऐकवलंही, की अठ्ठावीस वर्षांत पोरीचं नाव लिहायला शिकला नाहीस. इंग्रजी अक्षरं तुला गाड्यांच्या नंबर प्लेटवरून येत होती, शब्द येत नव्हते.

आज सकाळी संदीप म्हणाला, "ताई, आप्पाचा लॅपटॉप मी गोदामात नेतो. फॉरमॅट मारला की पळंल मस्त." वाईट बोलला नाही तो. दापोड्याच्या ज्या गोदामात तो कामाला आहे, तिथे त्याला तो हवाच आहे. पण फॉरमॅट हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, थांब, आधी मी बघते. कांड्यांवर ठेवून चालू केला. तुझा गेम उघडला. कोण ड्रायव्हर, असं तो विचारतो. एकच नाव होतं.

VANDANA.

आप्पा, मी तिथेच खाटेवर बसले. संदीप खांद्यावरून वाकून बघत होता. त्याने दोनदा वाचलं. ज्याचं नाव सतरा वर्षं गाडीच्या कपाळावर होतं, तो माझा भाऊ हळूच म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे, ताई. नको मारू फॉरमॅट." आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला.

मला रडू आलं नाही असं नाही. पण त्याहून जास्त राग आला, आणि तो खराखुरा आहे. हे नाव लिहायचं होतंस तर काचेच्या वर लिहायचंस! पिवळ्या अक्षरांत, लाल सावली देऊन! सुरतेपर्यंत लोकांनी वाचलं असतं. लिहिलंस कुठे, तर एका जाड्या लॅपटॉपच्या पोटात, जिथे मी स्वतः दार उघडून आत गेले नसते तर कुणालाही दिसलं नसतं. आणि उद्या तेही पुसलं जाणार होतं. बँकेचं नाव सांगून स्पेलिंग घेतलंस! खोटारडा! मला सांगितलं असतंस तर मी तुझ्या शेजारी बसले असते ना. तू शिकवलं असतंस, आणि मी गिअर पाडला असता वळणावर.

तुझी गाडी मालासकट रस्त्याच्या कडेला उभी आहे. बहुधा वीज गेली असेल आणि तू चहाला उठला असशील. गोदाम अजून लांब आहे. मी सुरू केली. पहिल्याच वळणावर कठड्याला घासली, तुला ऐकवलं नसतं असा आवाज आला. मग दुसऱ्या वळणावर गिअर पाडला. गाडी झटके देत देत चालली, आणि मी सेटिंग उघडलं. आरसे चालू होते. बंद करायला एक बटण दाबायचं होतं.

सॉरी, आप्पा. दुकानात हसल्याबद्दल. दसऱ्याच्या त्या ओरडण्याबद्दल. फॉरमॅटबद्दल. सगळ्याबद्दल.

बसू दे झटके. आरसे मी चालूच ठेवलेत.